वयाला दोष देण्याआधी गोळ्यांच्या वेळा पाहा

वाचकाचे पत्र :

मी ६३ वर्षांची आहे. वाकून जड बादली उचलताना कंबरेत उसण भरली. अस्थिरोगतज्ज्ञांनी स्नायू सैल पडण्यासाठी टिझानिडिनची ४ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली आणि दुखण्यासाठी अ‍ॅसिक्लोफिनॅक व पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दोनदा दिली. गोळ्या दहा दिवसांच्याच होत्या, पण थांबवल्या की पाठ आखडायची, म्हणून त्या मी दीड महिना घेत राहिले. मध्येच लघवीला जळजळ आणि ताप सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले. तापासाठी घरातली ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलही दिवसातून चार वेळा घेत होते. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली रक्तदाबाची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाल्यावर दुसऱ्या रात्री नऊ वाजता गोळ्या घेऊन झोपले. अकराच्या सुमारास जाग आली, तर कपाटाशेजारी दोन लहान मुली उभ्या होत्या. उठायला गेले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडले. तिसऱ्या रात्रीही मुली दिसल्या. मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, ‘आई, आता वय झालं.’ घाबरून रक्तदाबाची गोळी सोडून बाकी सर्व औषधे एकदम बंद केली, तेव्हा दोन दिवस छातीत धडधड झाली आणि रक्तदाब १८० पर्यंत गेला. आता आठवडा झाला, मुली दिसत नाहीत. माझे डोके फिरू लागले आहे का? हे डॉक्टरांना सांगावे का? सांगितले तर मला वेडी ठरवतील, अशी भीती वाटते. पाठीसाठी पुढे काही गोळी घेता येईल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण सहज लिहून गेला आहात, आणि ती म्हणजे वेळा. रात्री नऊला गोळी घेतली, अकराला मुली दिसल्या. टिझानिडिन पोटात गेल्यापासून साधारण एक ते दोन तासांत तिचा परिणाम सर्वाधिक असतो आणि तीन ते सहा तासांत तो ओसरतो. जे दृश्य गोळीच्या ऐन जोरात दिसते, सकाळी नाहीसे होते, दुसऱ्या रात्री त्याच घडीला परत येते आणि गोळी थांबवल्यावर पुन्हा दिसत नाही, त्याचे कारण प्रथम गोळीतच शोधले पाहिजे. स्मृतिभ्रंशाचे आजार गोळीच्या वेळा पाहून येत-जात नाहीत. आपली मुख्य शंका हीच आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देते : आपण जे वर्णन केले आहे त्यावरून आपले डोके फिरत असल्याचे मला दिसत नाही. दोन औषधांची गाठ पडल्यामुळे हे झाले असण्याची शक्यता मला सर्वांत मोठी वाटते.

ही गाठ कशी पडते, ते नीट समजून घ्यावे, कारण डॉक्टरांसमोर बोलताना ते आपल्या कामी येईल. टिझानिडिनचा निचरा यकृतातील एका ठरावीक विकराकडून (एन्झाइमकडून) होतो आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमक्या त्याच विकराला अडवते. परिणामी गोळी तीच, मात्रा तीच, परंतु रक्तातील औषध अनेक पटींनी वाढते. या दोन औषधांचा एकत्रित अभ्यास झाला आहे. त्यात टिझानिडिनचा रक्तातील एकूण प्रभाव सुमारे दहापट आणि त्याची सर्वोच्च पातळी सुमारे सातपट झाल्याचे आढळले. म्हणूनच ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत, असे टिझानिडिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. हाच परिणाम फ्लुवोक्सामिन या नैराश्यावरील औषधामुळे याहूनही तीव्र होतो. आपण चार मिलिग्रॅमचीच गोळी गिळली, परंतु शरीराला ती कितीतरी मोठी वाटली, असे म्हणता येईल.

टिझानिडिन मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतासंदेश मंद करते, त्यामुळे आखडलेला स्नायू सैल पडतो. पण ती फक्त कंबरेपुरते काम करत नाही. ती रक्तदाबही खाली आणते, तोंडाला कोरड पाडते आणि झापड आणते. आपण आधीपासून रक्तदाबाची गोळी घेत आहात आणि त्यात टिझानिडिनची पातळी चढली, म्हणून अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि पडणे हे जवळजवळ अपेक्षितच होते. भासांविषयी सांगायचे, तर ते या औषधाच्या नोंदलेल्या दुष्परिणामांपैकी आहेत. सुरुवातीच्या दोन चाचण्यांमध्ये १७० रुग्णांपैकी ५ जणांना भास किंवा भ्रम झाले होते आणि त्यांपैकी बहुतेकांना हे दृश्य खरे नाही, याची जाणीव होती. आपल्याला मुली ‘दिसल्या’ आणि तरीही आपण मुलाकडे जाऊन ‘हे काय होते आहे’ असे विचारलेत, म्हणजे आपली समज शाबूत होती. हे मी आपल्याला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. निदान करताना डॉक्टर नेमका हाच भेद तपासतात.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. दोष एकट्या टिझानिडिनचाच आहे, असे केवळ पत्र वाचून मी ठामपणे म्हणू शकत नाही. उतारवयात मूत्रमार्गाचा संसर्ग आणि ताप यांमुळेही माणूस भांबावतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांमुळे स्वतंत्रपणेही भास झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय प्रतिजैविक आपण मध्येच थांबवले आहे, म्हणून संसर्ग पूर्ण गेला की नाही, हे लघवीच्या तपासणीवरूनच कळेल. तेव्हा ‘आता मुली दिसत नाहीत, म्हणजे प्रकरण मिटले’ असे समजू नये. या आठवड्यातच तपासून घ्यावे.

गोळ्या एकदम बंद केल्यावर झालेली धडधड आणि वर गेलेला रक्तदाब यांनी आपण आणखी घाबरलात, हे साहजिक आहे. टिझानिडिन ज्या यंत्रणेला दाबून ठेवते, ती औषध अचानक काढून घेतल्यावर उसळी मारते : नाडी वेगात चालते, रक्तदाब चढतो, स्नायू पूर्वीपेक्षा अधिक आखडतात. मोठी मात्रा अनेक आठवडे घेतलेल्यांमध्ये हे अधिक होते. आपली मात्रा कागदावर लहान असली, तरी सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे ती मोठ्या मात्रेसारखी वागत होती, म्हणून आपल्यालाही त्याचा झटका बसला असावा. भास होत असताना ती गोळी पुढे घेत राहावी, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या रात्रीच डॉक्टरांना फोन व्हायला हवा होता, म्हणजे ती कशी थांबवायची आणि त्या काळात रक्तदाब किती वेळा मोजायचा, हे त्यांनी सांगितले असते. याच वर्गातील बॅक्लोफेन या औषधाबाबत तर हा धोका फार गंभीर आहे. ते एकाएकी सोडल्यास भास आणि आकडी येऊ शकते, आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्या माणसात ते साठून नेहमीच्या मात्रेतही गुंगी व भ्रम आणते. काही औषधे घेताना त्रास देतात आणि काही सोडताना, आणि रुग्णाला मात्र दोन्ही वेळा एकच प्रश्न पडतो, की मला काय झाले.

आता आपल्या पत्रातील त्या भागाकडे वळते, ज्याची आपल्याला काळजी वाटली नाही, परंतु मला सर्वांत अधिक वाटली. अ‍ॅसिक्लोफिनॅक ही सूज आणि वेदना कमी करणारी गोळी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सर्व तिचीच भावंडे आहेत. या गोळ्या पोटाला झोंबतात, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि म्हणून सोबत आम्लपित्ताची गोळी घेतली की आपण सुरक्षित झालो, असा समज असतो. ती गोळी जठराचे रक्षण करते, मूत्रपिंडाचे करत नाही. मूत्रपिंडात गाळणीकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी रुंद ठेवण्याचे काम शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. वेदनाशामक गोळी हीच द्रव्ये तयार होऊ देत नाही. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे शरीरातील पाणी व क्षार कमी करते. प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य आहे, परंतु तिन्ही एकत्र आली आणि त्यात ताप येऊन पाणी पिणे कमी झाले, की गाळणीवरील दाब घसरतो आणि मूत्रपिंडाचे काम अचानक मंदावू शकते. याला दुखत नाही. लघवीचे प्रमाण कमी होते, पायांवर सूज येते, मळमळते, आणि पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची रक्ततपासणी आपण आवर्जून मागून घ्यावी.

याच गोळ्या रक्तदाबही वाढवतात आणि रक्तदाबाच्या औषधाची धार बोथट करतात. गुडघे किंवा पाठ दुखते म्हणून महिनोन्‌महिने वेदनाशामक घेणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब वाढलेला आढळतो, मग रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू होते, तिने पाय सुजतात, म्हणून लघवीची गोळी जोडली जाते, आणि मूळ कारण असलेली वेदनाशामक मात्र यादीच्या तळाशी तशीच राहते. ही साखळी मी इतक्या वेळा पाहिली आहे, की नवीन गोळी लिहिण्याआधी जुन्यांपैकी कोणती काढता येईल, हे रुग्णानेच विचारावे, असा माझा आग्रह असतो. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही या गटाशी निगडित आहे. रोफेकॉक्सिब हे याच गटातील औषध २००४ मध्ये त्याच कारणासाठी जगभरातून मागे घेतले गेले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या गटातील इतर औषधांवरील इशारा अधिक कडक केला. हा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही संभवतो, असे त्या इशाऱ्यात म्हटले होते.

पॅरासिटामॉलचा आपला हिशेब मी मांडून पाहिला. जोडगोळीत बहुधा ३२५ मिलिग्रॅम असते. तिच्या दोन गोळ्या म्हणजे ६५० आणि तापाच्या चार गोळ्या म्हणजे २६००, अशी दिवसाची बेरीज ३२५० मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४००० ही कमाल मर्यादा मानतात, म्हणजे आपण ती ओलांडलेली नाही. पण वजन कमी असेल, खाणे सुटले असेल किंवा यकृत आधीच दुबळे असेल, तर बरेच डॉक्टर यापेक्षा खालची मर्यादा सांगतात. सर्दीची एखादी गोळी त्यात आणखी पडली असती, तर बेरीज नकळत पुढे सरकली असती, कारण तिच्यातही अनेकदा पॅरासिटामॉल असते. टिझानिडिनही काही जणांत यकृताची विकरे वाढवते, म्हणून क्रिएटिनिनबरोबर यकृताची तपासणीही एकाच वेळी करून घ्यावी.

औषधाच्या पाकिटाविषयी एक सूचना करते. गोळ्यांच्या पट्टीवर ठसठशीत छापलेले असते ते व्यापारी नाव. आत खरोखर काय आहे, ते मागच्या चंदेरी बाजूवर बारीक अक्षरांत असते, आणि पट्टी कात्रीने कापून दिली की नेमके तेच तुटते. उरलेल्या तुकड्यावर ‘पॅरा’ एवढेच राहते किंवा फक्त मुदतीची तारीख. शेवटची गोळी संपेपर्यंत नाव असलेला भाग सांभाळून ठेवावा, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तोंडी सांगण्यापेक्षा ते तुकडेच एका पिशवीत घालून न्यावेत. ज्यांनी आपल्याला सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिले, त्यांच्या टेबलावर टिझानिडिनची पट्टी असती, तर बहुधा त्यांनी दुसरे प्रतिजैविक निवडले असते.

‘दुखण्याच्या साध्या गोळ्या’ हा शब्दप्रयोग मला खटकतो, आणि त्यामागे एक आठवण आहे. माझ्या वडिलांना मानेच्या दुखण्यासाठी सायक्लोबेन्झाप्रिन हे स्नायू सैल करणारे औषध दिले होते. त्यांना लघवीला त्रास होऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी ती पूर्ण अडली. मी स्वतः डॉक्टर असून दीड दिवस प्रोस्टेटच्या वाढीलाच दोष देत राहिले. नळी घालून लघवी मोकळी केल्यानंतर घरी अंथरूण झटकताना उशीखालून पट्टी निघाली, तेव्हा माझ्या लक्षात आले. या औषधाची रासायनिक रचना अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या नैराश्यविरोधी औषधांच्या जवळची आहे, आणि तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, धूसर दिसणे, लघवी अडणे हे सर्व त्याच कुळाचे गुण आहेत. ‘वय झालं’ हे वाक्य त्या दिवशी माझ्याही तोंडी होते, म्हणून आपल्या मुलाला मी दोष देत नाही.

ज्येष्ठांसाठी टाळावयाच्या औषधांची बीअर्स निकष नावाची एक यादी आहे. ती प्रथम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वेळोवेळी सुधारली जाते. साध्या पाठदुखीसाठी दिली जाणारी स्नायू शिथिल करणारी अनेक औषधे त्या यादीत आहेत, कारण उतारवयात त्यांच्यामुळे गुंगी येते, तोल जातो आणि हाड मोडते. ही औषधे मुळात थोड्या दिवसांसाठीच असतात. उदाहरणार्थ, थायोकोल्चिकोसाइडच्या गोळ्या सलग सात दिवसांपेक्षा अधिक घेऊ नयेत, अशी मर्यादा युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये घातली. तेव्हा दहा दिवसांच्या गोळ्या दीड महिना चालवणे ही आपल्याकडून झालेली चूक आहे, आणि ती स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. बंद केल्यावर पाठ आखडत होती, ते दुखणे शिल्लक होते म्हणूनच, असेही नाही. औषध सुटल्याची ती प्रतिक्रियाही असू शकते.

इतर काही दुष्परिणाम थोडक्यात सांगते, कारण आपल्याला पर्याय म्हणून यांपैकी एखादे औषध सुचवले जाईल. ट्रामाडॉलने आकडी येऊ शकते, विशेषतः नैराश्यावरील औषधे सोबत असतील तर, आणि काही रुग्णांची रक्तातील साखर त्याने एकाएकी उतरते. प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिनने पाय सुजतात, वजन वाढते, चालताना झोक जातो. क्लोरझॉक्साझोनने लघवी नारिंगी किंवा जांभळट होते, ते केवळ रंगापुरते असते. परंतु त्याच औषधाने क्वचित यकृताला इजा होते, म्हणून डोळे पिवळे दिसले, तर मात्र रंगापुरते म्हणून सोडून देऊ नये. डोकेदुखीसाठी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या सतत तीन महिन्यांहून अधिक घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

डॉक्टरांना मुलींविषयी सांगावे का, असे आपण विचारले आहे. अवश्य सांगावे, आणि तेच सर्वांत आधी सांगावे. लाज वाटली तर इतकेच म्हणावे : ‘टिझानिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाले, दुसऱ्या रात्री गोळीनंतर दोन तासांनी मला भास झाले आणि मी पडले, औषधे थांबवल्यावर भास थांबले.’ हे वाक्य ऐकल्यावर कोणताही जाणकार डॉक्टर मनोविकाराचा नव्हे, औषधांच्या आंतरक्रियेचा विचार आधी करील. पडताना डोक्याला मार लागला होता का, हेही सांगावे, कारण या वयात आतला रक्तस्राव उशिरा लक्षात येतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे कळू द्यावीत आणि ही घटना औषध-दुष्परिणाम म्हणून नोंदवावी, अशी विनंती करावी. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळे व्यंग घेऊन जन्मली, त्या दुर्घटनेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये अशा नोंदींची आंतरराष्ट्रीय व्यवस्था सुरू केली, आणि ती आपल्यासारख्यांनी सांगितलेल्या एकेका अनुभवावरच उभी आहे. जर भास पुन्हा झाले, शौचाला डांबरासारखे काळे झाले, लघवी फार कमी झाली, छातीत दुखले, श्वास लागला, चेहरा सुजला, किंवा पडल्यानंतरची डोकेदुखी वाढत गेली, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात जावे.

पाठीसाठी पुढे काय, याचे उत्तर तपासणीचे अहवाल आल्यावर मिळेल. यकृत ठीक असेल, तर मर्यादेतले पॅरासिटामॉल चालू शकते, जरी निव्वळ पाठदुखीत त्याचा उपयोग थोडाच होतो. मूत्रपिंड ठीक असले, तरी अ‍ॅसिक्लोफिनॅकसारखी गोळी आपल्या रक्तदाबाच्या औषधासोबत डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज घेऊ नये. दुखण्याच्या जागी लावायचे मलम पोटातील गोळीपेक्षा रक्तात पुष्कळच कमी उतरते, म्हणून ते आधी विचारावे. उसण भरल्यावर शेक देणे, अंथरुणात न पडता झेपेल तेवढे चालत राहणे आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणे, यांनी बहुतेकांची पाठ काही आठवड्यांत सुधारते. उरलेली टिझानिडिन ‘थोडी घेऊन पाहू, भास होतात का’ असे म्हणून घरी पुन्हा घेऊ नये. ती पट्टी डॉक्टरांना दाखवण्यासाठी पिशवीत ठेवावी, औषधांच्या डब्यात नव्हे.

तपासणीला मुलाला बरोबर न्यावे. आणि तोवर रात्री उठताना आधी कुशीवर वळावे, पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे, दिवा लावावा आणि मगच उभे राहावे.